कासमचाचांचं इंजिन

कासमचाचा जगात सगळ्यांनाच 'तू' म्हणायचे. मला, आमच्या डॉक्टरसाहेबांना, मशिदीच्या इमामांना, आणि एकदा पूर पाहायला आलेल्या तहसीलदारांनासुद्धा. "अरे साहेब, तू आधी बूट काढ, मंग होडीत पाय टाक." तहसीलदारांनी मुकाट्यानं बूट काढले. सगळ्या दुनियेत चाचा 'तुमी' म्हणायचे ते एकटीलाच. ती म्हणजे त्यांच्या होडीच्या पोटात बसवलेलं जुनं, एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. तिला ते 'आपा' म्हणत, म्हणजे थोरली बहीण. हँडल मारायच्या आधी ते तिच्या लोखंडावर तळवा ठेवत आणि हळूच म्हणत, "चला आपा, उठा. शिस्टर आलीय."

ती शिस्टर मी. भिवंडी तालुक्यात मी आरोग्यसेविका होते. माझ्या वाट्याला खाडीपलीकडचा चिंबोरपाडा आला, तेव्हा आधीच्या सिस्टरनं चार्ज देताना रजिस्टरं दिली, चाव्या दिल्या आणि म्हणाली, "बाकी कासमचाचांना विचार." चिंबोरपाडा म्हणजे मिठागरांवर राबणाऱ्यांची वीस-बावीस घरं. तीन बाजूंनी तिवरांची झाडी आणि चिखल, चौथ्या बाजूनं खाडी. जमिनीवरून जायचं तर लांबचा वळसा, आणि शेवटचे तीन किलोमीटर मिठागराच्या बांधावरून पायी. पावसाळ्यात मोठ्या भरतीला तो बांधही पाण्याखाली जायचा. होडीनं मात्र वीस मिनिटं.

पहिल्याच बुधवारी मी लसींचा डबा खांद्याला लावून धक्क्यावर उभी राहिले. लुंगी, बनियन आणि डोक्याला विणलेली टोपी घातलेला एक उंच, हडकुळा म्हातारा होडीतलं पाणी उपसत होता. त्यानं माझ्याकडे न बघता डब्याकडे बघितलं.

"बरफ किती वेळ टिकतो?"

"संध्याकाळपर्यंत."

"मंग घाई कर. पानी आपल्यासाठी थांबत न्हाय."

होडीला डोलकाठी होती, जुनं ठिगळांचं शीड होतं. एके काळी या खाडीतून मीठ, गवत, कौलं, सगळं शिडावर जायचं. चाचांच्या वडिलांचाही तोच धंदा. पुढे कुठल्याशा लूमच्या कारखान्यानं लाइट गेल्यावर चालवायचं जुनं इंजिन काढून टाकलं, ते वडिलांनी उचललं आणि होडीत बसवलं. शीड मात्र त्यांनी काढलं नाही, चाचांनीही काढलं नाही. मी एकदा विचारलं, दोन्ही कशाला? चाचा म्हणाले, "वारा फुकट हाय, पन टायमावर येत न्हाय. आपा पैसे खाते, पन हाक मारली की येते."

अकरा वर्षं मी त्या होडीतून गेले. माझ्याकडून त्यांनी कधी भाडं घेतलं नाही. पाड्यातली माणसं देतील ते घेत. कुणी मीठ देई, कुणी चिंबोऱ्या, कुणी नुसतं "बघू चाचा" म्हणे. जुलेखाचाची, त्यांची बायको, मला म्हणायची, "या मानसानं मला लग्नात एक साडी दिली असंल. त्या इंजिनाला मात्र दर महिन्याला नवा कपडा लागतो पुसायला." चाचा शेजारीच बसलेले असत. ते म्हणत, "तू न पुसता बी चालतेस." मग चाची हसायची आणि चहा टाकायला उठायची.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवले तेव्हा जरा अवघडले होते. माझ्या घरात बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या घरात कुराणाची आयत. मी काय खाते, काय नाही, कुणी विचारावं का, असं मनात. चाचांनी सरळ ताट पुढे सरकवलं आणि म्हणाले, "शिस्टर, तुझ्या घरी कोलंबी खातात ना? मंग झाला. बाकीचा वर गेल्यावर बघू."

आपा म्हातारी झाली होती. खाडीचं खारं पाणी पंपानं ओढून तिला थंड ठेवावं लागे, आणि तेच खारं पाणी तिला आतून खात होतं. पंपात रबराचा एक पंखा असतो. तो दर थोड्या महिन्यांनी चिरायचा. त्या मापाचा पंखा बनवणं कंपनीनं कधीच सोडून दिलं होतं. चाचा भंगारबाजारात तासन् तास फिरायचे, जुन्या पंपांच्या ढिगात बसून एकेक पंखा हातात धरून बघायचे. तीन पाहिले तर एक जवळपासच्या मापाचा निघायचा, तो कानशीनं घासून बसवायचा. मी दोनदा वरच्या ऑफिसात अर्ज दिला, पाड्यासाठी सरकारी होडी द्या, निदान या होडीच्या दुरुस्तीला काही द्या. साहेबांनी नकाशा उघडला. नकाशात चिंबोरपाड्यापर्यंत रस्ता होता. छान, लाल रेघेचा.

"रस्ता आहे की सिस्टर," साहेब म्हणाले.

"साहेब, तिथे बांध आहे. पावसात बुडतो."

"रेकॉर्डला रस्ता आहे."

मी हे चाचांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "मंग साहेबाला सांग, त्या रस्त्यानं एकदा ये. आपा तुला न्यायला येनार न्हाय."

आता जे सांगायचं आहे ते लिहायला मी इतकी वर्षं टाळाटाळ केली.

श्रावणातला मंगळवार होता. दुपारी चाचांचा फोन आला. "शिस्टर, उद्या नको येऊस. पंपाचा पंखा चिरलाय. दुसरा बोलवलाय, चार दिवसांत येल."

मी म्हटलं, "चाचा, गेल्या बुधवारीही पावसामुळे राहिलं. दोन बाळांचे डोस चुकलेत. एकच फेरी. जायचं आणि यायचं."

मग ते म्हणाले, "बरा. ये."

एवढंच. मी आग्रह केला आणि ते 'बरं' म्हणाले.

जाताना आपा नीट चालली. चाचा सारखा हात पुढे करून मागच्या नळीतून पडणारं पाणी बघत होते. पाणी पडत होतं, म्हणजे पंप ओढत होता. पाड्यावर लसी झाल्या. मी निघणार, इतक्यात वनिताची सासू धावत आली. वनिता आठव्या महिन्यात होती. तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, पायांवर सूज इतकी की माझं बोट रुतलं. रक्तदाब पाहिला, तो भलताच चढलेला होता. किटमध्ये होतं ते इंजेक्शन दिलं, अॅम्ब्युलन्सला फोन लावला. ती धक्क्यावर येऊन थांबणार होती. वनिताचा नवरा रघू आणि दोन बायांनी मिळून तिला होडीत गोधडीवर निजवलं.

"चला आपा," चाचा म्हणाले. या वेळी पुढे काही बोलले नाहीत.

खाडीच्या मध्यावर मागच्या नळीतून पडणारी पाण्याची धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग काहीच नाही. चाचांनी इंजिन हळू केलं. करपट वास आला, पांढरी वाफ निघाली. ठक्-ठक् असा जड आवाज दोनदा झाला आणि इंजिन थांबलं. चाचांनी हँडल लावून जोर केला. ते तसूभर हललं नाही. आतला दट्ट्या तापून चिकटला होता.

ओहोटी लागली होती. पाणी आम्हाला धक्क्यापासून लांब, समुद्राच्या दिशेनं ओढत होतं. चाचांनी नांगर टाकला, शीड चढवलं. शीड ओल्या चादरीसारखं लोंबत राहिलं. श्रावणात एरवी अंगावर येणारा वारा त्या दिवशी नव्हता. समोर, दिसेल एवढ्या अंतरावर, धक्क्यावर अॅम्ब्युलन्सचा दिवा फिरत होता. ड्रायव्हरचा मला फोन आला, "मॅडम, आम्ही उभे आहोत, तुम्ही कुठे आहात?" मी म्हटलं, "तुमच्या समोर." रेतीच्या होड्या बंद होत्या. मासेमारीला कुणी नव्हतं. मी चार जणांना फोन केले, चौघंही "बघतो, बघतो" म्हणाले.

तेवढ्यात वनिताला झटका आला. तिचे दात आवळले, अंग कमानीसारखं झालं. मी तिला कुशीवर वळवून धरलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत शिकलेलं माझ्याकडे सगळं होतं, आणि त्यातलं त्या जागी करण्यासारखं होतं तेवढं सगळं मी करून बसले होते. आता फक्त धरून ठेवायचं होतं.

चाचांनी शिडाकडे पाहिलं, मग पाण्याकडे. नांगर उचलला, लुंगी खोचली, दोराचं टोक कमरेला बांधलं आणि रघूला म्हणाले, "बांबू घे. तिवरांच्या कडेनं ढकल. मी ओढतो." सत्तरीला आलेला माणूस पाण्यात उतरला. कडेला पाणी छातीइतकं, खाली चिखल मांडीइतका. एक पाय काढायचा, दुसरा रुतायचा. प्रत्येक पावलाला 'या अल्लाह' एवढं ऐकू यायचं. वीस मिनिटांच्या खाडीला आम्हाला दोन तास लागले.

वनिता वाचली. पोटातलं बाळ गेलं होतं. मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना गाठून विचारलं, दोन तास आधी आलो असतो तर? डॉक्टर दमलेले होते, तरी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाले, "सिस्टर, बहुतेक तुम्ही होडीत चढायच्या आधीच बाळाचे ठोके गेले असतील." मी तेवढंच उचलून तडक चाचांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. दोराच्या काचानं कमरेची कातडी सोलली होती, तिथे चाचीनं हळद लावली होती. मी डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

चाचांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "डॉक्टर चांगला मानूस हाय. म्हनून असा बोलला."

"चाचा, मंगळवारी तुम्ही नको म्हणत होतात. मीच…"

"चहा घे," ते म्हणाले. आणि उठून आत गेले.

त्या फोनबद्दल ते एकदाही बोलले नाहीत. मला बोलू दिलं नाही, दुसऱ्या कुणाला सांगितलंही नाही. पाड्यावर, मोहल्ल्यात, सगळ्यांना एवढंच माहीत होतं की कासमची होडी बंद पडली. मी कित्येकदा ठरवून गेले की आज कबूल करायचंच. प्रत्येक वेळी त्यांनी काहीतरी हातात दिलं. चहा, खजूर, पाना, चिंधी. "धर जरा," म्हणायचे.

चार माणसांनी बांबूंवर उचलून आपाला होडीतून बाहेर काढलं आणि टेम्पोत घालून चाचांच्या घराच्या मागच्या पडवीत आणलं. त्यांनी ती सबंध उघडली. आतून निघालं ते मीठ आणि गंज. दट्ट्याच्या कड्या तुटलेल्या, ज्या नळकांड्यात तो फिरतो त्यावर खोल ओरखडे, आणि वरच्या झाकणाला केसासारखी एक चीर. भिवंडीतल्या दोन मिस्त्रींनी येऊन बघितलं आणि सांगितलं, "चाचा, किलोवर द्या. याच्यात काही राहिलं नाही." नवं इंजिन घेणं म्हणजे घर विकणं. जावयानं खरंच सुचवलं की होडी काढून टाका, गोदामावर वॉचमनची ड्युटी लावून देतो, बसून काम. चाचा म्हणाले, "बसून काय करू? बसलो की ती आठवते." ती म्हणजे कोण, हे जावयाला कळलं नाही.

माझी धाकटी बहीण दिघाशीला दिली आहे. तिच्या नवऱ्याला मी सहज बोलले, तर तो म्हणाला, आमच्या शेजारच्या पाटलांच्या विहिरीवर असलंच इंजिन पडलंय, वीज आल्यापासून कुणी हात लावला नाही. रविवारी मी आणि चाचा अंबाडीपर्यंत जीपनं गेलो आणि तिथून रिक्षानं दिघाशीला. चाचांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं ते चिरलेलं झाकण, माप जुळवायला. विहिरीजवळ घाणेरीच्या झुडपात इंजिन होतं. चाचांनी फांद्या बाजूला केल्या, वाकून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हातारे डोळे एकदम लहान मुलासारखे झाले.

"आपाची बहीन हाय, शिस्टर. गोड्या पान्यात राहिलेली. बघ कशी तुकतुकीत हाय."

पाटील ओट्यावर पान लावत होते. त्यांनी विचारलं, "काय करनार हो याचा?"

चाचांनी सांगायला सुरुवात केली, खाडी, पाडा, पंप. आणि मध्येच थांबले. मग पुढचं मी सांगितलं. पाटलांनी पान तसंच हातात धरलं. म्हणाले, "घेऊन जा. पैसे नकोत." चाचा फुकट घेईनात. शेवटी दर मोसमात सुक्या बोंबलांची एक टोपली, असं ठरलं, आणि ती टोपली ते स्वतः पोचवत राहिले.

दट्ट्या, नळकांडं, झाकण त्या बहिणीचं बसलं. प्रश्न राहिला पंपाचा. शेलार गावात लूमचे पार्ट बनवणारे मिश्राजी नावाचे एक लेथवाले होते. चाचा रोज सकाळी त्यांच्या दारात जाऊन बसायचे. मिश्राजी वैतागले.

"चाचा, मैं लूम का काम करता हूँ. ये मेरी लाइन नहीं है."

"मालूम है. लूम बंद पडा तो कपडा रुकता है, मिश्रा. ये बंद पडता है तो…" चाचांनी चिरलेला पंखा त्यांच्यापुढे ठेवला.

मिश्राजींनी त्या आठवड्यात सगळी गिऱ्हाइकं थांबवून पितळेचा पंप कातून दिला. पंख्याचं रबर ट्रकच्या जाड ट्यूबचं. पहिला पंखा अर्ध्या तासात फाटला, दुसरा दीड तास टिकला, पाचवा टिकला. एवढ्यावर चाचांचं समाधान होईना. त्यांनी बाजूला हातानं मारायचा आणखी एक पंप जोडला, म्हणजे मोठा पंप दगा देईल तर हातानं पाणी देत राहता येईल. मी म्हटलं, "आता तरी झालं ना?" ते म्हणाले, "शिस्टर, मशीनला मन नसतो. म्हनून मानसानं दोनदा इचार कराचा."

फाल्गुनात आपा पुन्हा होडीत बसली आणि तिसऱ्या हँडलला उठली. धक्क्यावर पोरंटोरं नाचली, जुलेखाचाचीनं शिरखुर्मा केला. मला वाटलं, आता पुढच्या बुधवारपासून होडी सुरू. पण चाचांनी कुणालाच चढू दिलं नाही.

"मानसा न्हाय. अजून भरवसा न्हाय."

रोज सकाळी ते एकटे रिकामी होडी घेऊन पलीकडे जायचे आणि परत यायचे. दीड महिना. भरतीला गेले, ओहोटीला गेले, उन्हात गेले. मुद्दाम खाडीच्या मध्यावर इंजिन बंद करायचे आणि पुन्हा चालू करून बघायचे. पाड्यातली माणसं काठावर उभी राहून हाका मारायची, "चाचा, न्या ना!" ते हात हलवून नाही म्हणायचे आणि होडी वळवायचे. लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. चाचीनं माझ्यापाशी रडून घेतलं, "एवढा डिझेल जाळतो, आनि रातभर झोपत न्हाय. तू तरी समजाव." मी काय समजावणार? मीही त्या दीड महिन्यात दर बुधवारी बांधावरून चालत जात होते आणि पाय दुखले की मला बरं वाटत होतं.

मग एका बुधवारी मी पाड्यावरचं काम उरकून पाड्याच्या काठाशी आले, तर चाचांची होडी लागलेली होती आणि होडीत वनिता बसली होती. चाचा काठावर चिखलात उभे होते.

"उतर पोरी."

"न्हाय उतरत."

"मी मानसा नेत न्हाय."

"मंग मी हितंच बसते."

बराच वेळ असं चाललं. पाणी उतरायला लागलं. चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी वनिताशेजारी जाऊन बसले. शेवटी ते चढले. आपाला त्यांनी त्या दिवशी एकदाही हाक मारली नाही, नुसतं हँडल फिरवलं. एक हात सुकाणूवर, दुसरा हातपंपाच्या दांड्यावर. मागच्या नळीतून पाण्याची धार नीट, जाड पडत होती, तरी तो हात त्यांनी काढला नाही.

मध्यावर वनितानं विचारलं, "चाचा, त्या दिशी कुठं बंद पडली व्हती?"

त्यांनी ऐकलं नाही असं केलं. तिनं पुन्हा विचारलं. म्हणाली, "मना काय आठवत न्हाय. घरातून निंगाले, आनि डोले उघडले तवा दवाखाना. मधला कायच न्हाय. सगली बोलतात, पन मना कोन दाखवत न्हाय."

चाचांनी इंजिन हळू केलं. बोट वर केलं. "थितं. तो वाकडा तिवर दिसतो ना, त्याच्या समोर."

"जरा थांबवाल?"

थांबवायचं म्हणजे पुन्हा चालू होईल का, हा प्रश्न. एकट्यानं त्यांनी तिथेच शंभरदा थांबवून पाहिलं होतं, पण होडीत वनिता असताना नाही. त्यांनी डोळे मिटले आणि इंजिन बंद केलं. सगळीकडे एकदम शांत झालं. होडी नुसती डुलत राहिली. वनिता कडेला वाकून पाण्याकडे बघत बसली. रडली नाही. तिनं हात पाण्यात घातला, बराच वेळ तसाच ठेवला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग हात पदराला पुसून म्हणाली, "चला आता."

चाचा हँडलाजवळ गेले, पण त्यांना ते फिरवता येईना. हात उचललेच जात नव्हते. ते खाली बसले आणि तोंडावर टोपी धरून रडायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला उठून त्यांच्याजवळ जायचं होतं, आणि तो मंगळवारचा फोन माझ्या छातीवर असा बसला होता की मला जागचं हलता येईना. वनिताच उठली. तिनं हँडल धरलं आणि म्हणाली, "सांगा, कसा फिरवाचा?" दोघांनी मिळून ते फिरवलं. दुसऱ्या फेऱ्यात इंजिन चालू झालं.

त्यानंतर वर्षाहून जास्त होडी रोज चालली, माणसं घेऊन. एकदाही बंद पडली नाही. चाचा पहिल्यासारखे बोलायला लागले, तरी पूर्वीइतके नाही. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी ते धक्क्यावर जायला निघाले आणि दारातच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी रोज ड्युटी संपली की जायची. रक्तदाब मोजायची, पाठ पुसून द्यायची, जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलायला चाचीला हात द्यायची. एका संध्याकाळी चाची नमाजाला बसली होती तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकून सांगून टाकलं. "चाचा, चूक माझी होती. तुम्ही नको म्हणालात. मी ऐकलं नाही." त्यांचे डोळे माझ्याकडे होते. त्यांना कळलं का, आणि कळलं असेल तर ते काय म्हणाले असते, हे मला कधीच समजणार नाही. डाव्या हातानं त्यांनी पांघरुणाचा कोपरा माझ्याकडे सरकवल्यासारखं केलं. की नुसता हात हलला, तेही सांगता येत नाही.

अठराव्या दिवशी ते गेले, पहाटे. दुपारच्या नमाजानंतर मयत उचलायचं ठरलं. मी पाड्यावर फोन केला. रघूनं उचलला. "आमी सगली येतो," म्हणाला आणि मग थांबला. "पन शिस्टर, येऊ कसा?"

होडी धक्क्याला बांधलेली होती. आपा हात लावला तर उठली असती, पण हात लावणारा कुणी नव्हता. ते इंजिन चालू करायचं, त्या उथळ पाण्यातून न्यायचं, हे चाचांखेरीज कुणाला येत नव्हतं. जावई म्हणाला, थोडं थांबू. इमाम म्हणाले, थांबू, पण पाऊस आहे, किती थांबणार? अर्धा तास थांबले. मग नेलं.

पाड्याची माणसं आली तेव्हा कबरस्तानातून लोक परतत होते. वीस-बावीस घरांतून तीसेक माणसं, म्हातारेकोतारे, बाया. कमरेपर्यंत चिखल, पायांना शंख-शिंपल्यांनी कापलेलं. बांधावर गुडघाभर पाणी होतं, एकमेकांचे हात धरून ती आली होती. कबरस्तानाच्या फाटकाशी सगळी तशीच उभी राहिली. आत जावं की नाही हेही त्यांना कळेना. जावयानं पुरुषांना आत नेलं. बाया माझ्याजवळ थांबल्या. वनितानं विचारलं, "झाला?" मी म्हटलं, "झालं."

जुलेखाचाचीनं सगळ्यांना अंगणात बसवलं. शेजारून आलेलं जेवण त्यांच्यापुढे ठेवलं. स्वतः बादली घेऊन बायांच्या पायांवर पाणी ओतत राहिली. कुणी नको म्हणालं तरी ऐकेना. पण फार वेळ बसता येत नव्हतं. भरती चढायला लागली होती, अंधार पडायच्या आत बांध ओलांडायला हवा होता. चार घास खाऊन सगळी उठली.

मी त्यांच्याबरोबर धक्क्याच्या वळणापर्यंत गेले. तिथून पुढे त्यांची वाट वेगळी. खाडीच्या पलीकडे पाडा दिसत होता, अगदी समोर, घरं मोजता येतील एवढा जवळ. माणसांनी एकदा तिकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि एकामागे एक लांबच्या वाटेला लागली.